विरळणीचा पाला

“माझ्या गायीला मी इख घालते म्हनतीस? मी?” वत्सलाबाईंनी द्राक्षाच्या पाल्याचा भारा गव्हाणीपुढे दाणकन टाकला. “तीस वरसं गाया सांभाळते. तू कालची!”

“आई, तुम्ही घालता असं नाही म्हणाले. पाल्यात आहे म्हणाले,” दिशा म्हणाली आणि तिने भारा उचलून बाहेर नेऊन ठेवला.

सासूने गायीपुढे टाकलेला भारा सुनेने उचलून बाहेर काढायचा, हे दिंडोरीजवळच्या त्या मळ्यात आजवर घडलं नव्हतं.

दीपक, तिचा नवरा, मोबाइल पुढे करत आला. “अगं, मार्चात आपला माल युरोपला गेला. हा बघ रिपोर्ट. द्राक्ष पास, मग पाला नापास कसा? वेल एकच ना?”

“वेल एकच, दिवस वेगळे. माल काढायच्या आधी तू कधीच औषधं थांबवली होतीस. हा विरळणीचा, वेल मोकळी करायला मधेच खुडलेला पाला आहे. फवारलास की दोन दिवसांत गोठ्यात.”

अकरा वर्षं ती सातपूरच्या प्रयोगशाळेत पशुखाद्य तपासत होती. पेंड, मका, मुरघास. दळायचं, द्रावणात घुसळायचं, मशीनला लावायचं. सासरी त्याला ‘भुसा चाळायची नोकरी’ म्हणत, तीही हसून घेई. पण नुसता पोत्याच्या तोंडाशी काढलेला मूठभर नमुना तिने भल्याभल्या कारखानदारांना परत पाठवला होता. घरचा पालाही तिने भाऱ्याच्या वरून, मधून, तळातून काढला, फी भरली, नाव न टाकता नंबर घातला आणि तपासायला प्रयोगशाळेतल्या सहकारी इन्शाकडे दिला. उद्या कुणी म्हणायला नको, सुनेने आकडा फुगवला.

“चालतं त्याच्या नऊपट औषध आलंय पाल्यात,” दिशा म्हणाली.

“गाय धडधाकट हाय की! फॅटमध्ये गावात पहिला नंबर.”

“फॅटच्या मशीनला औषध दिसत नाही, आई. त्यातलं काही दुधात उतरू शकतं. आणि रोज पेलाभर दूध आपला रुद्र पितो.”

वत्सलाबाई नातवाच्या नावाला थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हंजे माझा गोठा बंद करतीस?”

“गोठा तुमचाच.” दिशाने हात धुतले आणि घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, “आजपासून हा पाला खड्ड्यात जाईल. गायांना मका. दूध तपासून पास होईपर्यंत डेअरीला घालायचं नाही, घरातही कुणी प्यायचं नाही. नमुना मी सकाळी नेते.”