इंदापूरला न वाचलेली सहा पानं

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडली तेव्हा पिशवीत सहा पानांची मराठी कथा होती, माझ्या धाकट्या भावावर मी लिहिलेली. हेरातमध्ये नव्या राजवटीच्या माणसांनी त्याला घरातून उचलून नेलं आणि मारलं. त्याची फातिहा (मृतासाठी माणसं जमवून करायची प्रार्थना) करायचीही घरच्यांना चोरी. फारसीत लिहावं तर तिथं कुणीतरी वाचणार आणि उरलेल्या घरावर बेतणार. मी पुण्यात शिकायला आलेले, ती अडकलेच. घरमालकीण काकूंकडून मराठी शिकले आणि त्यातच लिहायला लागले. आईनं फोनवर कुजबुजत एवढंच मागितलं होतं, "चार माणसांत त्याचं नाव मोठ्यानं घे."

मोरगावला बाजरीची रानं, शेळ्या. शेजारच्या मावशींनी विचारलं, "गाव कंचं?"

"हेरात."

"कुठल्या तालुक्यात आलं ते?"

"लांब आहे, मावशी."

"असू दे. दिवाळीला म्हायेरी जाता का न्हाय?"

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. त्यांनी न विचारता भाकरी-ठेचा पुढं केला. डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानं, असंच त्यांना वाटू दिलं.

बारामतीला गाडी बदलली. तिथून पुढं नुसता ऊस.

इंदापूरच्या ज्या साहित्य संमेलनात मला कथा वाचायची होती, त्याचा कारभार एका निवृत्त गुरुजींकडे होता. सगळे त्यांना आबा म्हणत. "तुमची कथा शेवटाला ठिवलीया. मानाची जागा," ते म्हणाले. मी वेडी, खूश झाले. आधी सत्कार असतात हे मला कुठं ठाऊक? अध्यक्षांचा, उद्घाटकांचा, मंडपवाल्याचा, मग सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. शाल, नारळ, फोटो. एकाचं नाव राहिलं, तो रुसला, त्याला दोन शाली. मलाही एक मिळाली, 'निर्वासित भगिनी' म्हणून. तोवर पंगतीची वेळ झाली.

आबा कानाशी आले. "ताई, कथा लांब हाय. तुमच्या भाषेतल्या दोन वळी म्हना. लोकांना त्येच आवडंल."

"आबा, मी मराठीत लिहिते."

"व्हय, ठावं हाय. पर मानसं उठाय लागल्यात."

समोर चित्रण करायला मोबाइल वर झालेले. फारसीत त्याचं नाव घेतलं, तर ते चित्रण हेरातला पोचलं असतं. मराठीत निदान एक वाक्य बोलायचं होतं. नाही जमलं. मी आईची अंगाई म्हटली. एक अक्षर न कळता मांडवानं टाळ्या वाजवल्या. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा. आबांनी आग्रहानं बुंदी वाढली, ती मुकाट्यानं खाल्ली.

परतीच्या गाडीत आईचा फोन आला.

"किती माणसं होती?"

"दोनशे."

"नाव घेतलंस?"

"घेतलं."

"रडलं कुणी?"

"रडले."

 ती म्हणाली, "झालं मग त्याचं."

पुण्यात उतरले तेव्हा पानं पिशवीत तशीच होती. या भाषेत मी कितीही लिहिलं तरी कुणी ऐकेल, असं आता वाटत नाही. तरी लिहिते. त्याचं नाव फरीद. वाचताना एकदा मोठ्यानं म्हणा. आईशी बोललेलं खोटं तेवढंच कमी होईल.