एकही चूक नाही

सोलापुरात माझ्याइतकी पद्धतशीर फजिती कुणी करून घेतली असेल, तर मला त्याला भेटायचंय. बसा, चहा येईपर्यंत सांगतो.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि सात वर्षं पीएच.डी. करतोय. विषय असा, की इवलीइवली चुंबकं शेजारीशेजारी उभी आहेत आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून वर नाहीतर खाली तोंड करतो. तापवली की शिस्त बिघडते. ती कशी बिघडते, हे क्वांटम कॉम्प्युटरवर करून बघायचं. परदेशातल्या एका यंत्रावर मला इंटरनेटवरून वेळ मिळाला, फक्त दहा मिनिटं. सगळी पदवी त्यावर!

ही यंत्रं लई चुका करतात. त्या चुका गाळायची एक युक्ती मी स्वतः शोधली होती. प्रोग्राम सोडला. एरवी रांगेत तासन्‌तास जातात, माझं उत्तर दोन मिनिटांत हजर. मला वाटलं, तिकडे सगळे जेवायला गेले असतील. आणि आलेख? पुस्तकातल्या रेषेवर तंतोतंत.

वडिलांना दाखवला. नानांनी चाळीस वर्षं मागावर चादरी विणल्यात.

"मशीन खरंच चाललं का रं?"

"चाललं की."

"माग चालला की कुटंतरी धागा तुटतोच. हे नुसतं कागदावरचं डिझाइन दिसतंय."

"नाना, हे क्वांटम आहे," मी म्हणालो. किती समजूतदारपणे म्हणालो, काय सांगू!

मग मी सुटलोच. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. प्राचार्यांनी फलकावर अभिनंदन लिहिलं. सादरीकरणात निम्म्या स्लाइड माझ्या युक्तीवरच.

पुण्याहून परीक्षक मॅडम आल्या होत्या. शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, "प्रोग्राममधली यंत्राच्या नावाची ओळ दाखवता?"

दाखवली, चांगली मोठ्या पडद्यावर. सरावासाठी आपण आपल्याच लॅपटॉपवर त्या यंत्राची, कधीच न चुकणारी नक्कल चालवतो ना, तिचंच नाव तिथं होतं. बदलायचं राहिलं होतं. परदेशातल्या यंत्रापर्यंत मी पोचलोच नव्हतो, आणि त्या दहा मिनिटांची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुन्हा वेळ मिळवा, सहा महिन्यांनी भेटू," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, पण ती चुका गाळायची युक्ती...?"

"उत्तम आहे की," त्या शांतपणे म्हणाल्या. "नव्हत्याच त्या सगळ्या चुका तिनं काढल्या."