पाण्याचे माप

सरकारी कागदावर माझ्या थोरल्या साडूंइतका विश्वास खुद्द सरकारनेही कधी ठेवला नसेल. महाल नावाच्या वस्तीत त्यांचे शिंप्याचे दुकान होते, पण त्यांचे मशीन नीट चालायचे ते कचेऱ्यांना सुटी असेल त्या दिवशी. एरवी दुपार झाली की स्वारी तहसील कचेरीत पावसाच्या नोंदवहीसमोर. कोणत्या साली, कोणत्या दिवशी किती पाऊस पडला, हे तिथे वर्षानुवर्षे लिहिले जात होते आणि कोणी वाचत नव्हते. हा माणूस ते मागतो म्हटल्यावर कारकुनांना तो आधी वेडा वाटला, मग हेर वाटला, आणि शेवटी ते त्याच्याकडूनच पँटी शिवून घेऊ लागले. त्यानंतर नकला लवकर मिळायला लागल्या.

जुन्या जमीनमोजणीच्या नकाशांवरून त्यांनी बुजलेले नाले मलमलीच्या तुकड्यांवर निळ्या पेन्सिलीने उतरवून घेतले होते. गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न, "राहता कुठं गा?" त्याने मोहल्ला सांगितला की टेप कमरेऐवजी थेट पायाशी. "तुमच्या गल्लीत पानी इथवर चढन," असे म्हणून गुडघ्याखाली खडूची रेघ. एका नवरदेवाच्या पँटवर ती रेघ तशीच राहून गेली आणि तो तीच घालून वरातीत मिरवला. सासरच्यांना वाटले, कपडा उधारीचा आहे.

मी हातगाडी ओढून स्वतःच्या लाकडाच्या वखारीपर्यंत पोचलेला माणूस. घासाघीस हेच माझे शिक्षण. हुडकेश्वराकडे घरासाठी प्लॉट पाहायला निघालो तेव्हा या साडूंना, आमच्या भाऊंना, मी मुद्दाम सोबत घेतले. त्यांनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मलमल पसरली आणि जमिनीच्या मालकाला बोट लावून दाखवले, "इथून नाला जाते. नकाशात हाय. तुमी बुजवला असन, पण पान्याले कोन सांगन?" मालकाचा चेहरा पडला. भाऊ मलमल गुंडाळून सायकलीकडे वळले, तेवढ्यात मी माझा भाव सांगितला. सौदा निम्म्या किमतीत पटला.

परत येताना भाऊ खुशीत सायकल मारत होते. "बरं झालं गा, वाचला तू."

"वाचलो कुठं? घेतला प्लॉट."

ते सायकलवरून उतरले. "घेऊ नको म्हनून सांगतलं मी तुले. अन् तू त्याच्यावर भाव पाडला?"

"मंग? एवढा कागद वाया घालवू काय?"

त्यांनी सायकल रस्त्याच्या कडेला लावली. मग म्हणाले, "आता घेतलाच तं जोतं तरी तीन फूट घे."

"एक."

"तीन."

"दीड, भाऊ. तुमचं नाही, माझं नाही."

"अरे, हे मी सांगून नाही राहिलो गा! पानी सांगून राहिलं!"

पण जिभेची सवय वाईट. मी दीडवर घट्ट बसलो, आणि ते गप्प झाले. समोरचा गप्प झाला की सौदा पक्का, असे मी आयुष्यभर समजत आलो.

घर बांधले. दुसऱ्याच वर्षी श्रावणात पावसाने तीन दिवस उसंत दिली नाही, आणि भर दुपारी नाला आपली जुनी वाट शोधत माझ्या दारात आला. म्हातारी आई आत खाटेवर पडून होती. पाणी उंबरा चढून खाटेच्या पायांना लागले तसे मी आणि बायकोने ती खाट तिच्यासकट उचलली आणि वरच्या अंगाच्या शाळेत नेली. आई वाटभर एकच विचारत होती, "काहून गा, घर पडलं काय?"

पाणी ओसरल्यावर भाऊ आले. पँट वर दुमडलेली, गळ्यात टेप. कोणाशी न बोलता त्यांनी बाहेरच्या भिंतीवरच्या गाळाच्या रेघेला टेप लावला. जमिनीपासून दोन फूट. माझे डोके फिरले.

"एवढं कळत होतं तं माही कॉलर काहून नाही धरली? दुकानात येनाऱ्याले सांगता तेवढंच मले सांगतलं! मी नात्यातला ना?"

शेजारी गोळा झाले, तरी मी थांबलो नाही. भाऊ बोटाभोवती टेप गुंडाळत राहिले. "तीनवर अडून राहाले पाहिजे होतं मी," ते हळूच म्हणाले. "पन तुह्यासमोर टिकता नाही आलं मले." मग आईच्या गाळाने माखलेल्या गोधड्या सायकलवर बांधून ते घेऊन गेले. आठ दिवसांनी आणून दिल्या, धुतलेल्या, नवे अस्तर लावलेल्या. माझा राग मात्र मी तेवढ्यावर सोडला नाही. कॉलर धरायला हवी होती, हे मी त्यांना पुढे प्रत्येक लग्नाकार्यात ऐकवले, आणि त्यांनी दर वेळी मान हलवली.

आता ते नाहीत. आमच्या गल्लीत नवी घरे होताहेत. कोणी पाया खोदताना दिसला की मी जाऊन सांगतो, जोतं तीन फूट. तो हसून म्हणतो, "काका, दोनवर भागवू ना." मग मी असा काही तोंड सोडतो की गवंडी थापी टाकून बघत राहतो. लोक म्हणतात, म्हातारा फार तापट आहे. असेल. भाऊंकडे सगळ्या गावच्या पाण्याचे माप होते. माझ्यातला थोडा संताप त्यांना देता आला असता, तर त्या दिवशी मला दीडवर कोणी सोडले नसते.