बैलगाडीतून निघालेली मोटरबोट

चार जुने कामगार संध्याकाळी एका बाकावर बसले, की पाचवा माणूस गोष्टीतून आपोआप येऊन बसतो. आमच्या बाकावर तो मान साळवीचा. त्याच्या बोटीचे किस्से इतके साठलेत आणि प्रत्येकानं त्यात इतकी भर घातलीय, की बोट दरवर्षी हातभर लांब होत चाललीय. मी आपलं डोळ्यांनी पाहिलेलं आणि त्या नवराबायकोनं स्वतः सांगितलेलं तेवढंच सांगतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीतला आमचा कारखाना नवा होता. मी आणि गजानन साळवी दोघंही मेंटेनन्सला फिटर. साळवी गुहागरकडचा, खाडीकाठी वाढलेला. त्याची बायको हौसा इथलीच, मोशीच्या शेतकऱ्याची मुलगी. चिंचवडच्या चाळीत आमच्या खोल्या भिंतीला भिंत लावून होत्या, त्यामुळे त्यांच्या घरातलं बरंचसं मला न विचारताच कळायचं.

* * *

लढाईनंतर मिलिटरीचं भंगार खूप निघालं होतं. खडकीच्या एका भंगारवाल्याकडे साळवीला लाकडी बोट दिसली. बाजूला तिचं मोटर इंजिन, गंजलेलं. साळवीनं विचारलं, "चालते का?"

भंगारवाला प्रामाणिक माणूस. म्हणाला, "रस्त्यावर नाही चालत. पाण्याचं मी बघितलं नाही."

साळवीनं बोट घेतली. इंजिन आम्ही रविवारी-रविवारी खोलून दुरुस्त केलं. बोट मात्र चाळीपुढे पालथी पडून होती. हौसावहिनी पहिल्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "घरात हंडा ठिवाय जागा न्हाई, आन् ह्यांनी नाव आणली." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यावर धोतर अंथरलं आणि कुरडया घातल्या. मग चाळीतल्या सगळ्याच बायकांनी घातल्या.

इंजिन तयार झालं तरी साळवी निघेना. फोरमननं विचारलं, "काय साळवी, अडलं कुठे?"

"कुरडया वाळल्या नाहीत अजून," साळवी म्हणाला.

* * *

रजेचाही किस्सा आहे. साळवीनं साठलेली सगळी रजा एकदम मागितली. फोरमन चांगला माणूस, पण नियमाचा.

"एवढी रजा कशाला?"

"बायकोला फिरवून आणतो. लग्न झाल्यापासून कुठे नेलं नाही."

"कुठे नेणार?"

"बोटीतून. पवनेतून मुळेत, तिथून भीमेकडे."

तेव्हा पवनेवर धरण नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात नदी म्हणजे नुसते डोह, आणि मध्ये गोटे. फोरमन म्हणाला, "अहो साळवी, पवनेला पाणी कुठंय आता?"

"म्हणून तर साहेब जास्त रजा मागतोय."

फोरमननं सही केली.

* * *

चिंचवडच्या डोहातून बोट फटफट करत सुटली तेव्हा काठावर जत्रेसारखी गर्दी होती. पोरं टाळ्या वाजवत काठानं पळाली. त्यांना फार पळावं लागलं नाही. पुढच्याच वळणावर पाणी संपलं.

साळवीला ते ठाऊकच होतं. शेजारच्या गावच्या एका बैलगाडीवाल्याशी त्यानं आधीच बोलून ठेवलं होतं. बोट गाडीवर चढवली, दोरानं बांधली, हौसावहिनी छत्री उघडून बोटीतच बसून राहिल्या आणि गाडी पुढच्या डोहाकडे निघाली.

वाटेत डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई भेटली. तिनं विचारलं, "बाई, कुठं निघालाय म्हणायचं?"

"फिराय. बोटीनं."

बाईनं मागंपुढं पाहिलं. "मग बोट कुठं हाय?"

"हिच्यातच बसलीया न्हवं मी," हौसावहिनी म्हणाल्या.

गाडीवाला जाताना साळवीला म्हणाला, "मालक, गाडी पाण्यात गेल्याली लई येळा बघितली. बोट गाडीत बसल्याली आजच बघितली." त्या उन्हाळ्यात असे किती गाडीवाले झाले, त्याचा हिशेब त्या दोघांनीही ठेवला नाही.

* * *

साळवीला खाडी कळायची. भरती, ओहोटी, वारा सगळं. नदीचं त्याला काही कळायचं नाही. पुण्याच्या पुढं, थेऊरच्या अलीकडे, तो सरळ मधल्या पाण्यातून बोट घालायचा आणि वाळूत रुतवायचा. खाली उतरून ढकलायचा, पुन्हा रुतवायचा.

एका सकाळी पुढं म्हशी पाण्यात होत्या. हौसावहिनी पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, जिथं म्हशी उभ्या हायत तिथनं नका जाऊ. जिथं नुसती शिंगं दिसत्यात, तिथनं चला."

साळवी शिंगांच्या बाजूनं गेला. बोट रुतली नाही. त्यानं इंजिन बंद केलं, सुकाणूपाशी असलेली मागची जागा सोडली आणि म्हणाला, "गो हौसा, तू बस इथे. शेंगा मी सोलतो."

त्यानंतर बोट वहिनीच चालवायच्या. ज्यांना पोहता येत नव्हतं त्या.

* * *

आम्ही दोस्त आळीपाळीनं रविवारी सायकलनं त्यांना गाठायचो. पीठ, मीठ, पेट्रोलचा डबा पोचवायचो. माझी पाळी आली तेव्हा ते मुळा-मुठेतून भीमेत उतरून, मग वळून भीमेतून वर वर येत तुळापूरजवळ पोचले होते. इंद्रायणी भीमेला मिळते ते ठिकाण.

पाहतो तर हौसावहिनी काठानं तरातरा चालतायत आणि साळवी पाण्यातून, अगदी त्यांच्या चालीनं, इंजिन हळू ठेवून बोट हाकतोय. दोघांची तोंडं दोन दिशांना. काठावरचा एक म्हातारा न राहवून म्हणाला, "पाव्हणं, बाईमाणूस उन्हात चालतंय आन् तुमी बोटीत बसलाय व्हय?"

साळवी म्हणाला, "ती बोटीत बसायला तयार नाही, आणि मी तिला मागे टाकून जायला."

मी सायकलवरून उतरलो आणि वहिनींबरोबर चालू लागलो. भांडण कशावरून, ते मग कळलं. साळवी म्हणत होता, आता इंद्रायणीतून वर जाऊ. वहिनी नको म्हणत होत्या. कारण इंद्रायणीतून वर गेलं की आळंदी, आणि आळंदीच्या वर मोशी.

वहिनींचं माहेर. चिंचवडहून सायकलनं तासाभराची वाट, पण लग्न झाल्यापासून त्या एकदाही गेल्या नव्हत्या. ना शेत ना बैल अशा परमुलखातल्या, कारखान्यातल्या माणसाशी त्यांनी स्वतःच्या मनानं लग्न केलं, म्हणून आप्पांनी, त्यांच्या वडिलांनी, बोलणं टाकलं होतं.

"आप्पा तोंड फिरवून गेला तर काय करू, भावजी?" त्यांनी मला विचारलं.

आम्ही संगमापर्यंत चालत आलो. मग त्या थांबल्या, चपला हातात घेतल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या आणि बोटीत चढून मागच्या जागेवर बसल्या. साळवी पुढं सरकला. बोट त्यांनी उजवी-डावी काही न विचारता इंद्रायणीत घातली.

* * *

पुढच्या रविवारी पाळी दुसऱ्याची होती, पण मीच गेलो. मोशीच्या डोहाशी पोचलो तेव्हा बोट नुकतीच वळण घेऊन येत होती. अलीकडच्या काठाला, नदीच्या वाळूत, कलिंगडाचे वेल होते आणि त्यांच्यापाशी आप्पा उभे. काठी टेकून, ताठ.

ते गेले नाहीत. लेकीकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, "त्यास्नी सांगा, नाव हिकडं घालू नका. येल हायत."

मी सांगितलं. बोट जरा बाजूला लागली. आप्पा बोटीभोवती पाण्यातून एक फेरी मारून आले. मला म्हणाले, "त्येला इचारा, इंजान त्याल किती खातंय."

साळवी समोर बोटीतच, चार हातांवर उभा. तोही मलाच म्हणाला, "आप्पांना सांग, बसून बघावं, मग कळेल."

आप्पांनी वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि बोटीत बसले. वहिनींनी इंजिन चालू केलं. पलीकडच्या काठाला बोट लागली. आप्पा उतरले नाहीत, नुसती काठी अलीकडं दाखवली. अलीकडं आली. परत पलीकडं. असं कितीतरी वेळ चाललं होतं. गावातली माणसं येऊन माझ्याशेजारी वाळूत बसली होती.

मग डोहाच्या मध्यावर इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. डबा माझ्या सायकलला होता. बोटीत वल्ही होती. साळवीनं वल्ह्याला हात लावला नाही.

बोट जागच्या जागी हळूहळू फिरत राहिली. एवढी शांतता, की पाण्यावरून एकेक शब्द आमच्यापर्यंत येत होता.

"हौसे," आप्पा म्हणाले, "भाकरी हाय का?"

"हाय," वहिनी म्हणाल्या. "पर दोघांपुरतीच हाय."

आप्पांनी वहाणा खाली ठेवल्या.

"मग तुला आन् मला झाली. जावयाला कलिंगड दिऊ."