काजूवाल्या बायांचे अंगठे

अंबिका परब करी रोडच्या चाळीत वाढल्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर अंबिकाताईंनी गावाहून काजूची दोन पोती मागवून लालबागला विक्री सुरू केली. आज मसाला गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं शटरचं दुकान आहे. काजू येतो सिंधुदुर्गातल्या त्यांच्या गावाहून, तळेवाडीहून, आणि तो फोडतात तिथल्या एकतीस बाया.

पूर्वी या बायांची मजुरी लक्झरी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाकिटातून जायची. ते पाकीट आधी घरातल्या पुरुषाच्या हातात पडायचं आणि बायकोपर्यंत पोचेतो हलकं व्हायचं. ताईंनी दहा वर्षांपूर्वी चार दिवस दुकान बंद ठेवलं, गावी जाऊन एकेका बाईला ग्रामीण बँकेच्या शाखेत नेलं आणि तिच्या एकटीच्या नावे खातं उघडून दिलं.

त्याच बँकेच्या मुंबईतल्या कार्यालयात मी नोकरीला आहे. गेल्या वर्षी सुधारणेचा भाग म्हणून छोट्या शाखा एकत्र केल्या. तळेवाडीची शाखा बावीस किलोमीटरवर तालुक्याला गेली आणि गावात अंगठ्याचा ठसा ओळखून पैसे देण्याचं मशीन घेऊन बँकमित्र, म्हणजे बँकेचा एजंट, आला. खर्चाच्या दृष्टीने निर्णय चुकीचा नव्हता. त्याचा कागद माझ्याच टेबलावरून गेला होता.

दुसऱ्याच महिन्यात ताईंना गावाहून निरोप आला, "पाकीटच पाठव." बायांचे अंगठे मशीन घेत नव्हतं. ताईंनी पाकीट पाठवलं नाही, बँकेला पत्र लिहिलं. मशीन चालू स्थितीत असल्याचं उत्तर आम्ही पाठवलं. तेही खरंच होतं.

मग बँकेने चाकरमान्यांसाठी दादरला ग्राहक मेळावा घेतला. मोठे साहेब पडद्यावर आकडे दाखवत होते. ताई उठल्या आणि मशीन बायांचे अंगठे घेत नाही म्हणून सांगू लागल्या.

"बाई, नव्वद टक्के व्यवहार आता मशीनवर होतात," साहेब म्हणाले.

"होत असतील. उरलेल्या दहा टक्क्यांतली एक बरोबर आणलीय. राधाकाकी, ये गो पुढे."

तळेवाडीच्या राधाबाई, वय चौसष्ट, खुर्चीवरून हलेनात. "माका थंय स्टेजार कित्याक नेतंस? नाटक आसा काय?"

लोक हसले, पण राधाबाई चढल्या. साहेबांनी स्वतः मशीन पुढे केलं. लाल दिवा. पुन्हा लाल.

"हात जरा पुसा, आजी."

"पुसलंय ओ. लुगड्याक पुसलंय, रुमालाक पुसलंय. आता तुमच्या कोटाक पुसू?"

या वेळी साहेबही हसले. तिसऱ्यांदा दिवा लाल झाला, तेव्हा त्यांनी राधाबाईंचा हात हातात घेऊन अंगठा बघितला. तो गुळगुळीत होता. काजूच्या टरफलातल्या तेलाने वर्षानुवर्षं कातडी जाळली होती. एकही रेघ शिल्लक नव्हती.

"एकतिसांपैकी एकोणीस जणींचं असंच आहे," ताई म्हणाल्या. "शाखा परत द्या असं मी म्हणत नाही साहेब. तुमचंही गणित असेल. पण आठवड्यातून एक दिवस माणूस पाठवा. तोंड बघून ओळखणारा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला वजन करून द्यावं तसं त्या बोलत होत्या. मी आजवर पुष्कळ निवेदनं वाचली आहेत, पण मागणी इतकी मापात क्वचितच पाहिली.

महिनाभराने आदेश निघाला. दर मंगळवारी तालुक्याच्या शाखेतला अधिकारी रोकड घेऊन गाडीने तळेवाडीला जाईल. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांना पासबुकावरचा फोटो आणि साक्षीदार पाहून पैसे देईल. आणखी सहा गावांना हीच सोय लागू झाली. त्या गावांतल्या कुणाला अंबिका परब हे नाव माहीत नाही.

पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम लालबागला गेलो. ताई कोकमं तोलत होत्या आणि मान तिरकी करून त्यांनी फोन कानाशी धरला होता. मेळाव्यात आमची ओळख झाली होती; मला बघून त्यांनी स्पीकर लावला.

"मिळाले काय गो, काकी?"

"मिळाले. पाचशेच काढलंय, बाकीचे थंयच खात्यात रवांदेत," राधाबाईंचा आवाज आला. "झील भायर उभो होतो. किती आसत म्हणान इचारी होतो."

"मग? मुलाला सांगितलंस?"

"सांगूक नाय."