मायचे वाल

नवी साडी नेसून काकूंसमोर जायची सोय नव्हती. पदर दोन बोटांत धरायच्या, चुरगाळून बघायच्या आणि म्हणायच्या, "सुती हाय. फाटली का मले देजो." एका लग्नात बोहल्यावरून उतरलेल्या नवरीलाही त्यांनी हेच सांगितलेलं मी ऐकलंय.

आमच्या जळगाव जामोदच्या गल्लीत त्या समोर राहायच्या. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, पाहा. अंगण वीतभर, पण त्यात भेंडी, दोडकी, कारली, वाल सगळं. बियाणं दुकानातून आणणं त्यांना ठाऊक नव्हतं. बी ज्या घरचं, त्या घरच्या बाईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात राख घालून ते बांधायचं, ही त्यांची रीत. चिठ्ठी नाही, काही नाही. हिरवी पुरचुंडी म्हणजे नणंदेची भेंडी, ठिपक्यांची म्हणजे शेजारणीचं कारलं.

मी मास्तरीण. माझ्या घरी मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' लिहिलेलं. उन्हाळ्यात काकू लेकीच्या बाळंतपणाला वडनेर भोलजीला गेल्या, किल्ली माझ्याकडे राहिली आणि माझे हात शिवशिवायला लागले. सगळ्या पुरचुंड्या सोडल्या. बी निवडून बरण्यांत भरलं, वर नावं डकवली. तीन पुरचुंड्यांतले वाल एकाच बरणीत मावले, याचं मला कोण कौतुक. उरलेल्या चिंध्या धुऊन त्यांचं पायपुसणं शिवलं आणि काकूंच्या दारात घातलं.

काकू परतल्या. दारात थबकल्या आणि साठी उलटलेली ती बाई पायपुसण्यावरून उडी मारून आत आली.

"काय झालं काकू?"

"माह्या मायच्या लुगड्यावर पाय देऊ काय?" त्या हसत होत्या. मग बरणी दिसली आणि हसू गेलं. "यातले मायचे वाल कोन्ते?"

दाणे सगळे सारखेच. मायचे वाल म्हणजे बीबी गावचे, त्यांच्या माहेरचे. आई गेली, भावांनी परसात फरशी घातली आणि ते बी काकूंच्या त्या एका पुरचुंडीतच उरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या म्हणाल्या, "रडू नोको. सारेच लावून टाकू. मायच्या वालाले जांभळं फूल येते, बाकीच्याइले पांढरं. वेलच सांगन."

मग काय, त्यांच्या कुंपणाला, माझ्या गच्चीवर, फुटक्या बादल्यांत, जागा दिसेल तिथे वाल टोचले. दसऱ्यानंतर फुलं यायला लागली. पांढरी. सकाळी चहाचा कप घेऊन मी वेल तपासत फिरायची आणि समोरून हाक यायची, "आली काय माही माय?"

"नाही काकू. आजपण पांढरंच."

शेवटी जांभळं फूल आलं ते माझ्या न्हाणीच्या पत्र्यावर. काकू अनवाणीच धावत आल्या. बराच वेळ वर बघत राहिल्या. "जागा पाह्य बाई कुठची धरली मायनं," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मीही पुसले. त्या वेलाची एकही शेंग त्यांनी कुणाला खाऊ दिली नाही, सगळ्या बियाण्यासाठी राखल्या.

यंदा त्या मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. निघण्याआधी पायपुसण्यातला मायच्या लुगड्याचा तुकडा उसवला, त्यात अर्धे वाल बांधून मला दिले. उरलेले मुठीत धरून म्हणाल्या, "तुही एखादी साडी दे."

"फाटकी एकही नाही हो काकू."

"मंग हे कशात नेऊ? तुह्या पत्र्यावरचे वाल हायेत, तुह्याच साडीत जातीन."

मी कात्री आणली आणि नेसलेल्या साडीच्या पदराचा कोपरा कापून दिला. त्यांनी तो आधी दोन बोटांत चुरगाळून पाहिला.

ती साडी मी अजून शाळेत नेसते. कुणीतरी विचारतंच, "मॅडम, पदर कुठं फाटला?"

फाटला नाही, म्हणते. काकूंबरोबर पुण्याला गेलाय.