पाण्यात तोललेले सात खडे

मार्चचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेअकरा. ठिकाण अकोला, खडे तपासून देणाऱ्या काकूंच्या घराची पुढची खोली. हजर तिघे: त्या, मी आणि चांदूर रेल्वेची माझी आत्या. फी एका खड्याला वीस रुपये, म्हणजे सात खड्यांचे एकशेचाळीस. मी पाकीट काढलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि पाण्यानं भरलेला काचेचा पेला पुढे सरकवला.

"आदी पाण्यात टाका, मंग बोलू."

हे वाक्य त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते मी मोजलेलं नाही, आणि न मोजण्याची सवय मला नाही. माझी बदली अकोल्याला होती तेव्हा आम्ही चार वर्षं त्यांच्याच गल्लीत राहत होतो. त्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशानं एक बारीक काटा घेतला आणि लोकांचे खडे ओळखून देऊ लागल्या. पाटी लावली नव्हती. गल्लीत सगळे त्यांना काकू म्हणत.

पद्धत साधी होती. खडा आधी कोरडा तोलायचा, मग बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात तोलायचा. पाण्यात वजन जेवढं घटतं, त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. नीलम असेल तर उत्तर चार येतं, साधी काच असेल तर अडीचच्या आसपास. पाणी उकळून गार केलेलं असे आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. बुडबुडा खड्याला चिकटला तर आकडा खोटा येतो, म्हणून त्या चित्रकलेच्या ब्रशानं खडा पाण्यातच झटकून घेत.

येणाऱ्यांपैकी निम्मे शनीला भिऊन आलेले असत. नांदगाव खंडेश्वरचा एक गृहस्थ मला आठवतो. नीलम लाभतो की बाधतो हे पाहायला त्यानं खडा तीन रात्री उशीखाली ठेवला होता आणि तिन्ही रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. काकूंनी खडा तोलला आणि कागदावर अडीच लिहिलं.

"काच आहे भाऊ."

"मंग मले झोप काहून नाई आली?"

"मच्छर असतीन."

लाभेल का, असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "मी दगड पायते, पत्रिका नाई." किंमत विचारली तर म्हणत, "भाव बाजार सांगते."

आता माझी चूक सांगतो. मुलीच्या साखरपुड्याला आत्यानं तिच्या हातात कापडाची पुरचुंडी दिली. आत सात निळे खडे. आत्याचे यजमान रेल्वेत फिटर होते. तरुणपणी रामेश्वरमकडे पुलाच्या कामावर असताना त्यांनी पहिल्या बोनसमधून हे खडे घेतले आणि तिला सांगितलं, नीलम आहेत, सिलोनचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. आत्या एका खोलीत एकटी राहते. खडे पाहून माझा मेहुणा, ज्याचं राजापेठेत दुकान आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आत्याबाई, हे त ड्रेसवर लावाचे खडे दिसून राहिले." दहा-बाराजण हसले. आत्या हसली नाही.

मला वाटलं, यात हसायचं किंवा रागवायचं काय, मोजून टाकू. पद्धत चार वर्षं पाहिलेलीच होती. घरी लहान इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण तो एकेका बारीक खड्याला नीट आकडा दाखवेना. म्हणून सातही खडे एकदम तोलले. कोरडे २.९० ग्रॅम, पाण्यात ०.८० ची घट. भागाकार ३.६२. चार नाही, अडीचही नाही. तक्ता पाहिला तर निळ्या खड्यांचा एक प्रकार या आकड्याला बसत होता, आणि तो बहुतेक कारखान्यात बनवलेलाच मिळतो. तीनदा तोललं, तीनदा तेच आलं. मग आत्याला फोन केला. खरं ते सांगावं, असा माझा स्वभाव आहे.

"आत्या, खडे बनावट आहेत."

"सगळे?"

"सगळे."

ती म्हणाली, "मंग हे माह्यापाशी खोटं बोलले म्हण." मग पुढे म्हणाली, "चांगल्या जाणत्याले दाखव एकडाव. मी येतो संगं. खोटे असतीन त वापस घेतो बापू. पोरीले खोटं देणं नाई करत मी."

म्हणून आम्ही अकोल्याला आलो होतो. आत्या चांदूरला गाडीत बसली, मी बडनेऱ्याला.

मी काकूंसमोर माझा कागद ठेवला. आकडेमोड स्वच्छ अक्षरात, खाली दोन रेघा. त्यांनी चष्मा वर केला.

"सातही संगंच तोलले?"

"हो. एकेक तोलण्याइतका काटा बारीक नव्हता."

"सात माणसाईच्या उंचीची सरासरी काढून शिंप्याले देता काय भाऊ? सातायचे सदरे एकाच मापाचे शिवीन ना तो."

पंचवीस वर्षं मी हिशेबाच्या खात्यात काम करतो आहे. मी कागद परत घेतला.

त्यांनी पहिला खडा उचलला. कोरडा ०.४१२. पाण्यात घट ०.१०३. भागाकार माझ्या डोक्यात त्यांच्या आधी झाला, पण मी तोंड उघडलं नाही. त्यांनी लिहिलं, चार. दुसरा चार. तिसरा ३.९९. ओळीनं सहा खडे चारच्या घरात. सातवा, सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत सुंदर, अडीच. त्या एका खड्यानं बाकी सहांना खाली ओढलं होतं.

आत्या पुढे सरकली. "मंग सहा नीलम आहे?"

"थांबा माय. वजन जात सांगते, जन्म नाई सांगत. कारखान्यातल्या नीलमचंबी वजन चारच येते."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीकडे तोंड केलं. एकेका खड्याला बरीच मिनिटं लागली. आत्यानं पदर मुठीत घट्ट धरला होता. सहावा खाली ठेवून काकूंनी भिंग आत्याच्याच हातात दिलं.

"पाहा. रंगाच्या बारीक रेघा दिसते?"

"दिसते."

"कशा आहे, सरळ का वाकड्या?"

"सरळ आहे वं."

"कारखान्यातल्याच्या वाकड्या रायते. हे साही जमिनीतले आहे. तुमच्या मालकानं तुमाले खरं सांगतलं."

आत्यानं भिंग खाली ठेवलं नाही. त्याच खड्याकडे पाहत ती म्हणाली, "सांगतलंच होतं त्यानं." मग पदरानं डोळे पुसून काकूंकडे वळली. "आन सातवा यात्रेतला आहे. दहा रुपयाचा. म्यांच टाकला."

"कशाला?" मी विचारलं.

"एक कधीचाच हरपला होता. सहा उरले. पोरीले देणं पाच नाईतर सात पाहिजे. पाच देऊन एक घरी ठेवाले मन नाई झालं."

"आत्या, मग मला सांगितलं का नाहीस?"

"मले एकाचं माहीत होतं, सहाचं थोडीच. म्हणूनच इचारलं ना, सगळे? त तू म्हणला सगळे. तुह्यापाशी आकडा होता."

काकू एवढ्या हसल्या की पेल्यातलं पाणी हललं. मला देऊ न देता आत्यानंच एकशेचाळीस मोजले, आणि काकूंनी पावती लिहून तिच्या हातात दिली.

लग्नात मुलीच्या गळ्यात सातही खड्यांचं पदक होतं, काच मधोमध. सोनार ती काढा म्हणत होता, मुलगी ऐकेना. जेवणं झाल्यावर आत्यानं मेहुण्याला बोलावून घेतलं. "दुकानदार, याच्यातली काच कोणती ते सांग बरं." त्यानं डोळे बारीक करून कडेच्या एका खड्यावर बोट ठेवलं. "नीलमले काच म्हणते हा," आत्या मोठ्यानं म्हणाली. "अजून पाय. पाच आहे अजून त्याच्यासारखे." या खेपेला दहा-बाराजणांपेक्षा पुष्कळ जास्त हसले, आणि त्यात तोही होता.

काकू लग्नाला आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात पेढे घेऊन गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मुलगा त्यांना कायमचं आपल्याकडे घेऊन गेला. सामान ट्रकमध्ये गेलं, पण काट्याची पेटी त्यांनी कोणाच्या हाती दिली नाही, गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. पेढे मी शेजारणीला दिले.

त्या मंगळवारची पावती आत्याकडे आहे. चांदूरच्या खोलीत यजमानांच्या फोटोच्या चौकटीत खोचलेली, कोणी आलं की वाचायला काढून देते. सहा ओळींत नीलम, जमिनीतला. सातव्या ओळीत काच, यात्रेतली. आणि सगळ्यांत खाली काकूंचं उभं, बिनघाईचं अक्षर: एकशेचाळीसपैकी एकशेवीस मिळाले. काचेचे वीस आत्याबाईंना परत.